सर्पदंशावरची लस : घोड्याने दिलेले जीवदान



पेठच्या डोंगरात पाऊस लागला, आवणी सुरू झाली, की बिळात पाणी शिरते आणि साप बांधावर, सरपणात, घरातही येतो. ज्याला दंश होतो, त्याच्यासाठी पुढचा एकेक तास मोलाचा असतो.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी यावर खरे औषध नव्हते. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेट १८९१ साली व्हिएतनाममधील सायगावला गेले. नागदंशाने माणसे दगावताना पाहून त्यांनी उतारा शोधण्याचा ध्यास घेतला आणि १८९५ च्या सुमारास लस तयार केली. रीत अशी : घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवायची. घोड्याच्या रक्तात विष मारणारे द्रव्य तयार होते. तेच काढून घ्यायचे.

पण नागाच्या विषावरची लस घोणशीच्या विषावर चालेना. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच लस करण्यात आली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने या कामी मोठा वाटा उचलला. पुढे लसीची कोरडी पूड निघाली. तिला बर्फाची गरज नसल्याने ती खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येते.

मग भगताकडे नेलेली काही माणसे कशी वाचतात? कारण सगळेच साप विषारी नसतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. जिथे विष भिनते, तिथे मंत्र चालत नाही, लसच चालते.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होत असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघा. सावळ घाट ओलांडून थेट नाशिक गाठण्याआधी जवळचे आरोग्य केंद्र किंवा पेठचे ग्रामीण रुग्णालय गाठा. साप मारून नेण्याची गरज नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, तेव्हा खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या, तरी दवाखान्यात न्या.

आणि आईबापांनो, लेकरालाही लसीची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष तेवढेच सोडलेले असते. डॉक्टरांनी जास्त बाटल्या लावल्या तर घाबरू नका.