'शार्ड' : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ, उपयोग आणि अध्यापन

पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना 'भाकरीचे शार्ड', 'कागदाचे शार्ड' अशा अर्थाची इंग्रजी वाक्ये अधूनमधून आढळतात. आपण त्यांखाली तांबडी रेघ मारतो आणि पुढे जातो. परंतु "सर, यात काय चुकले?" असे विद्यार्थ्याने विचारले, तर आपलीही अडचण होते. कारण वर्गात या शब्दाचा अर्थ आपणच 'तुकडा' असा सांगितलेला असतो. मराठीत भाकरीचा तुकडा असतो, कागदाचाही असतो. तेव्हा चूक विद्यार्थ्याची कमी आणि आपण दिलेल्या प्रतिशब्दाची अधिक आहे. या शब्दाचे मूळ कोणते, निरनिराळ्या क्षेत्रांत त्याचा अर्थ कसा बदलला आणि तो मराठीभाषक विद्यार्थ्यांना कसा शिकवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. व्युत्पत्ती व मूळ अर्थ

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप 'शेअर्ड' असे होते. त्याचे अर्थ दोन : कड तुटल्याने पडलेली खाच, आणि फुटून निघालेला तुकडा. जर्मन भाषेत 'शार्टे' हा त्याचा सगोत्र शब्द आजही धारेला पडलेल्या खाचेसाठी वापरतात. या सर्वांच्या मुळाशी 'कापणे' या अर्थाचा धातू आहे. कातरणे या अर्थाचा 'शिअर', नांगराच्या फाळासाठीचा 'शेअर' आणि आखूड या अर्थाचा 'शॉर्ट' हे इंग्रजी शब्द त्याच कुळातले मानले जातात. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासूनच त्यात धार आहे.

आजच्या इंग्रजीतील उपयोग पाहिले, तर या शब्दाची तीन लक्षणे सांगता येतात. पहिले, पदार्थ कठीण व ठिसूळ असावा : काच, माती, बर्फ, हाड, धातू. दुसरे, तुकड्याची कड अणकुचीदार किंवा धारदार असावी. तिसरे, तो तुकडा एका अखंड वस्तूचा भाग होता आणि ती वस्तू आता भंगली आहे, याची जाणीव शब्दात असावी. भाकरी ठिसूळ काचेसारखी फुटत नाही, ती मोडते; कागद फाटतो. म्हणून तेथे हा शब्द चालत नाही. याउलट इंग्रजी पाककृतींत चॉकलेटचे किंवा साखरेच्या पाकाचे 'शार्ड' सर्रास भेटतात, कारण ते पदार्थ थंड झाल्यावर काचेसारखे तडकतात. नियम सांगताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना चटकन पटते.

२. पुरातत्त्वातील उपयोग : 'शर्ड' म्हणजे खापर

याच शब्दाचे दुसरे रूप 'शर्ड' असे आहे. त्याच्या वर्णलेखनात 'ए' या अक्षराच्या जागी 'ई' येते. पुरातत्त्वज्ञ मातीच्या भांड्याच्या तुकड्यासाठी बहुधा हेच रूप वापरतात. 'पॉटशर्ड' हा जोडशब्दही त्याच अर्थाचा. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या राजमान्य इंग्रजी भाषांतरात तो आहे. सर्वांगावर व्रण उठलेले जोब, म्हणजे इस्लामी परंपरेतील हजरत अय्यूब, राखेत बसून खापराने अंग खाजवतात, असा तो प्रसंग आहे.

भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही. भांडे फुटले की निरुपयोगी म्हणून फेकले जाते. सोन्याचांदीप्रमाणे वितळवून त्याचे दुसरे काही करता येत नाही. त्यामुळे जुन्या वस्तीच्या उत्खननात खापरेच विपुल सापडतात. काठाच्या तुकड्याची वक्रता मोजून मूळ भांड्याच्या तोंडाचा व्यास काढता येतो. माती, भाजणी व नक्षी यांवरून काळ आणि कारागिरी यांचा अंदाज बांधता येतो.

याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तेथील तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून महाराष्ट्रातील एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच 'जोर्वे' हे नाव मिळाले. दुसरे उदाहरण पुदुच्चेरीजवळील अरिकामेडूचे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांना तेथे इटलीतील आरेत्सो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या, चकाकदार भांड्यांची खापरे मिळाली. त्यांचा काळ युरोपात ठाऊक होता. त्यावरून त्याच थरातील स्थानिक भांड्यांचा काळ ठरवता आला. पुढील संशोधनाने या निष्कर्षांत दुरुस्त्या सुचवल्या. तथापि खापर हे कालमापनाचे साधन ठरले, ते ठरलेच.

प्राचीन अथेन्समध्ये खापराला राजकीय महत्त्वही होते. राज्याला धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीचे नाव नागरिक खापरावर कोरत आणि पुरेसे मतदान झाल्यास त्या व्यक्तीला दहा वर्षे नगराबाहेर घालवत. ग्रीक भाषेत खापराला 'ओस्त्राकोन' म्हणतात. त्यावरून बहिष्कार घालणे या अर्थाचा 'ऑस्ट्रसाइझ' हा इंग्रजी शब्द आला. अथेन्समधील एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या नेत्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली. त्यांवरील हस्ताक्षरे मात्र अवघ्या चौदा जणांची होती. मते आधीच तयार करून वाटण्याची युक्ती आजची नव्हे, हे त्यावरून दिसते.

३. वाङ्मयीन व आधुनिक उपयोग

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये ओफेलियाच्या दफनविधीत धर्मगुरू कठोरपणे म्हणतो, की हिच्यावर प्रार्थनेऐवजी खापरे आणि दगडगोटे पडायला हवे होते. 'मॅक्बेथ'मध्ये भुंग्याला लावलेल्या एका विशेषणात हाच शब्द येतो. भुंग्याच्या पंखांवरील कठीण कवच असा त्याचा अर्थ घ्यावा, की बोलीतला 'शेण' हा अर्थ घ्यावा, यावर टीकाकारांत मतभेद झाले. 'पंखांचे कवच' हा अर्थ कोशांत नोंदलेला आहे. विद्यार्थी तो पाहून गोंधळतात, म्हणून त्याचा उगम सांगणे बरे.

लंडनमधील 'द शार्ड' ही सुमारे ३१० मीटर उंचीची, रेन्झो पियानो यांनी आराखडा केलेली इमारत २०१२ मध्ये पूर्ण झाली. ऐतिहासिक लंडनच्या काळजात घुसणारी काच, अशा आशयाची टीका तिच्यावर झाली होती. टीकेतला तोच शब्द पुढे इमारतीचे नाव झाला. येथे दुसरे लक्षण, म्हणजे धार, प्रधान आहे.

भूविज्ञानात ज्वालामुखीच्या राखेतील काचकणांनाही हाच शब्द लावतात. वितळलेल्या खडकातील वायूचे बुडबुडे फुटले की त्यांच्या भिंतींचे वक्र, टोकदार कण होतात. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे अशी राख मिळाली असून तिच्या वयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

संगणकशास्त्रात प्रचंड माहितीसाठा विभागून अनेक संगणकांवर ठेवतात. त्या प्रत्येक भागाला 'शार्ड' आणि या क्रियेला 'शार्डिंग' म्हणतात. येथे काही फुटलेले नाही, टोचणारेही काही नाही. केवळ 'एका अखंडाचा भाग' हे तिसरे लक्षण उरले आहे, आणि तेही अपघाताने नव्हे, तर हेतुपूर्वक केलेल्या विभागणीचे. थोडक्यात, पुरातत्त्वात हरवलेले अखंडत्व, साहित्यात धार आणि संगणकात केवळ विभागणी, असा या शब्दाचा प्रवास आहे.

४. मराठीतील पर्याय

'तुकडा' हा शब्द सर्वसाधारण असून तो इंग्रजी 'पीस'च्या जवळचा आहे. मराठीत नेमके शब्द नाहीत, असे मात्र नाही. मातीच्या भांड्याचे ते खापर. संस्कृत 'खर्पर', प्राकृत 'खप्पर' अशी त्याची परंपरा. खानदेशात ज्यावर मांडे भाजतात ते खापर फुटलेले नसते, हा भेदही सांगावा. मुली चौकटींच्या खेळात सरकवतात ती ठिकरी. वस्तू पार फुटली की ठिकऱ्या उडतात. कपाच्या काठाचा उडतो तो टवका, दगडाची निघते ती कपची, लाकडाची ढलपी, कागदाचा कपटा, कापडाची चिंधी. उर्दूत काचेच्या टोकदार तुकड्याला 'किर्ची' म्हणतात. 'काचेचा शार्ड' यासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण. दोष दुसऱ्याच्या माथी मारण्यास मराठीत 'खापर फोडणे' आणि हिंदीत 'ठीकरा फोडना' म्हणतात, हे साम्यही वर्गात सांगण्याजोगे आहे.

इंग्रजीतही अशीच वाटणी आहे. लाकडाचा किंवा हाडाचा बारीक, लांबट तुकडा 'स्प्लिंटर', टवका तो 'चिप', पातळ चीर ती 'स्लिव्हर', कपटा तो 'स्क्रॅप', भाकरीचा चुरा तो 'क्रम्ब'. 'फ्रॅगमेंट' हा व्यापक शब्द असून तो हस्तलिखितालाही चालतो. 'स्मिदरीन्स' नेहमी अनेकवचनी असतो. त्याला 'ठिकऱ्या' हाच पर्याय योग्य.

५. अध्यापनासाठी सूचना

प्रथम अर्थ न सांगता तीन प्रश्न विचारावेत : वस्तू कशाची होती? ती फुटली, फाटली की मोडली? तुकडा हाताला लागेल का? त्यानंतर विद्यार्थ्यांना घरात वापरले जाणारे शब्द सांगू द्यावेत. आपल्या वर्गांत मराठी, कन्नड, उर्दू, दखनी, कोकणी बोलणारी मुले शेजारी बसतात. एकाच फुटक्या बशीसाठी फळ्यावर पाचसात शब्द सहज जमतात. लाक्षणिक उपयोग शेवटी घ्यावेत. 'आठवणींचे शार्ड' याचे 'आठवणींचे तुकडे' हे भाषांतर व्याकरणाने बरोबर असले, तरी त्यातला सल निघून जातो. 'विखुरलेल्या, बोचऱ्या आठवणी' असे म्हटले तर तो काहीसा राहतो.

समारोप

टवका, कपची, ठिकरी हे शब्द गावंढळ समजून मुले वर्गात उच्चारत नाहीत आणि आपणही विचारत नाही. परिणामी इंग्रजीतील सूक्ष्म भेद त्यांना पाठ करावा लागतो. वास्तविक तो भेद त्यांना आईच्या भाषेतून अगोदरच माहीत असतो. कोशातला एक ढोबळ प्रतिशब्द देऊन आपण त्यांचे ज्ञान वाढवण्याऐवजी कमी करतो. एका शब्दासाठी दहा मिनिटे दिली, तर पुढच्या वेळी तांबडी रेघ मारण्याची पाळी येणार नाही; आणि आलीच, तर ती का मारली हे आपल्याला सांगता येईल.