राणीछाप रुपया घ्यावा का?

धडगाव, अक्कलकुवा या आपल्या भागात बायका चांदीच्या रुपयांच्या माळा घालतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्या उठून दिसतात. अशा गर्दीत कोणी म्हणेल, "भाऊ, चांदीचा रुपया आहे. नाण्यावर लिहिलेल्या किमतीलाच देतो."

तेव्हा थांबावे. जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १९४० पूर्वीच्या राणीछाप, राजाछाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. त्या चांदीचीच किंमत नाण्यावरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते. मग तो खरा रुपया एका रुपयाला कोण देईल?

१९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटते, चांदीला चिकटत नाही. पण पितळेलाही चिकटत नाही बरे! म्हणून वजन करावे, दोन सोनारांना दाखवावे. घरातली माळ विकतानाही तसेच. रुपये मोजून देऊ नयेत, तोलून द्यावेत.

आम्ही मास्तर असूनही एकदा फसलो. जत्रेत पाच राणीछाप स्वस्तात घेतले. सोनाराने कानस मारली, तर आत पिवळे पितळ. ते पाचही अजून आमच्या फडताळात पडून आहेत.