शिट्टी वाजली अन् वाद पेटला!

गल्लीतली क्रिकेटची मॅच आठवा. शेवटची ओव्हर, जिंकायला चार रन हवेत. बॅट्समन धावतो, स्टंप उडतो आणि अंपायर बोट वर करतो. मग काय, जो गोंधळ सुरू होतो, तो कुणाची तरी आई जेवायला हाक मारेपर्यंत थांबत नाही!

अशी भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही हं, दोस्तांनो! न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, वेल्स, इंग्लंड या देशांत रग्बीचे शौकीन जमले, की त्यांच्यातही अशीच जुंपते. वादाचे विषय तीन. रेफ्री चुकला का? स्क्रमचे नियम बदलावेत का? आणि तो नवा पोरगा मोठ्या संघात खेळण्याइतका तयार आहे का?

आधी खेळ समजून घेऊ. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला 15 खेळाडू. चेंडू लंबगोल. तो हातात घेऊन पळायचं, पण हातानं पुढे फेकायचा नाही. पास द्यायचा तो मागे किंवा बाजूला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे खेळाडू धरून पाडतात, अगदी कबड्डीतल्या चढाईवाल्याला धरतात तसं! समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला, की झाला 'ट्राय'. त्याचे 5 गुण. आपल्या मुंबईतही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ खेळला जातो, बरं का!

सोळा जणांची रेटारेटी

चेंडू हातातून पुढे निसटला, की रेफ्री शिट्टी वाजवतो आणि 'स्क्रम' होतो. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांना घट्ट धरून, डोक्यात डोकी अडकवून रेटू लागतात. मोठ्या संघांत एका बाजूच्या आठ जणांचं वजनच आठशे-नऊशे किलोच्या घरात जातं! मधल्या बोळातून चेंडू आत सोडतात आणि पायानं मागे ओढून घेतात.

यात धोका आहे तो मानेला आणि पाठीच्या कण्याला. पूर्वी दोन्ही फळ्या लांबून धाडकन आदळायच्या. म्हणून 2013 साली नवा क्रम आला. 'क्राउच', म्हणजे वाका. 'बाइंड', म्हणजे समोरच्याला धरा. 'सेट', म्हणजे भिडा. आधीच धरल्यामुळे अंतर कमी झालं आणि धक्काही कमी झाला. 19 वर्षांखालील मुलांच्या सामन्यात तर दीड मीटरहून जास्त रेटायलाच बंदी आहे.

तरीही स्क्रम कोसळतोच. मग पाडला कुणी? रेफ्री एका बाजूला उभा, ढिगाऱ्यात सोळा जण, आणि निर्णय द्यायचा क्षणार्धात! चुकीचा खेळ ठरला, तर समोरच्या संघाला पेनल्टी. म्हणजे 3 गुण मिळवायची संधी. वाद होणार नाही तर काय?

काही जण म्हणतात, "यात फार वेळ जातो, स्क्रम कमी करा." दुसरे म्हणतात, "अहो, स्क्रम काढला तर रग्बीत उरलं काय?" 2023 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेमसेनं आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू झेलला आणि फ्री किक मारण्याऐवजी चक्क स्क्रम मागितला. आपल्या गड्यांच्या ताकदीवर केवढा विश्वास! पण 1 जुलै 2024 पासून फ्री किकच्या बदल्यात स्क्रम मागता येत नाही. त्यावरूनही शौकिनांत दोन तट पडले.

कोवळं वय, मोठं मैदान

न्यूझीलंडचा जोना लोमू 1995 च्या विश्वचषकात अवघ्या 20 वर्षांचा होता. उपांत्य सामन्यात त्यानं इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले! मार्च 2025 मध्ये इंग्लंडचा हेन्री पोलॉक 20 व्या वर्षी पहिला सामना खेळला. बदली खेळाडू म्हणून आला आणि दोन ट्राय करून गेला. सप्टेंबर 2025 मध्ये 23 वर्षांच्या साशा फाइनबर्ग-मंगोमेझुलूनं दक्षिण आफ्रिकेसाठी अर्जेंटिनाविरुद्ध एकट्यानं 37 गुण मिळवले. मग लगेच शौकीन म्हणतात, "पोरांना संधी द्या!" तर जुने जाणते म्हणतात, "पळणारा गडी विशीत चालेल, पण स्क्रमच्या पहिल्या फळीतली मान तयार व्हायला वर्षं लागतात!"

भांडण कुठे थांबायचं?

रग्बीत एक छान रीत आहे. निर्णयाबद्दल रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कप्तानानं, तेही अदबीनं. मोठ्या सामन्यांत रेफ्रीकडे मायक्रोफोन असतो, त्यामुळे तो काय सांगतो ते प्रेक्षकांनाही ऐकू येतं.

पण 28 ऑक्टोबर 2023 ला पॅरिसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. न्यूझीलंडचा कप्तान सॅम केन याचा टॅकल प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागला. आधी पिवळं कार्ड मिळालं, मग चित्रफीत तपासून लाल झालं. पुरुषांच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलंच लाल कार्ड! नंतर दक्षिण आफ्रिकेचा कप्तान सिया कोलिसी याचं कार्ड मात्र पिवळंच राहिलं. दक्षिण आफ्रिकेनं सामना 12-11 असा एका गुणानं जिंकला, आणि वाद पेटला.

रेफ्री होते इंग्लंडचे वेन बार्न्स. पेशानं वकील. 2007 साली, 28 व्या वर्षी, फ्रान्सचा एक पुढे गेलेला पास त्यांच्या नजरेतून सुटला होता आणि न्यूझीलंड हरलं होतं. तेव्हाही त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तरी ते टिकले. 111 आंतरराष्ट्रीय सामने सांभाळून ते या सामन्यानंतर निवृत्त झाले. पण या वेळी त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या. चित्रफीत पाहणारे पंच टॉम फोली यांनाही शिवीगाळ सोसावी लागली, आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहायचं ठरवलं.

विचार करा, पंचांनीच पाठ फिरवली तर? स्क्रममध्ये 'सेट' कोण म्हणणार? कुणाची मान धोक्यात आहे ते पाहून शिट्टी कोण वाजवणार? सोळा जण निर्धास्तपणे रेटतात, ते त्या एका शिट्टीच्या भरवशावर!

तेव्हा वाद जरूर घाला. नियम वाचून घाला, मजा येते. आणि उद्या गल्लीत तुमच्या दोस्तानं तुम्हाला आऊट दिलं, तर एकदा त्याला म्हणून बघा, "पुढच्या मॅचला मी अंपायर होतो!" एका दुपारीच कळेल, हे काम किती अवघड आहे ते!