प्रथम कॅमेरा साहाय्यक

प्रथम कॅमेरा साहाय्यक हा चित्रपट, मालिका व जाहिरातींच्या चित्रीकरणात कॅमेरा विभागात काम करणारा तंत्रज्ञ होय. पात्र किंवा कॅमेरा हलत असतानाही प्रतिमा सुस्पष्ट राहावी, यासाठी भिंगाचा फोकस सतत जुळवत राहणे हे त्याचे मुख्य काम असते. म्हणून त्यास ‘फोकस पुलर’ असेही म्हणतात. कॅमेऱ्याची जुळणी, भिंगे व फिल्टर बदलणे आणि साहित्याची निगा राखणे या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे असतात. तो छायालेखकाच्या सूचनेनुसार काम करतो. क्लॅप देणे व पात्रांच्या उभे राहण्याच्या जागी खुणा करणे ही कामे द्वितीय कॅमेरा साहाय्यकाकडे असतात.

डिजिटल तंत्रामुळे झालेले बदल

२००७ साली ‘रेड वन’ आणि २०१० साली ‘अ‍ॅरी अलेक्सा’ हे कॅमेरे आल्यानंतर डिजिटल चित्रीकरणाचा प्रसार वेगाने झाला. फिल्मवर चित्रित केलेले दृश्य प्रयोगशाळेत धुऊन आल्यावरच पाहता येत असे. डिजिटल कॅमेऱ्यात ते मॉनिटरवर तत्काळ दिसते. त्यामुळे फोकसचे काम सोपे झाले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात काही बाबतींत ते अधिक कठीण झाले आहे. ३६ × २४ मिलिमीटर आकाराच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरवर ८५ मिलिमीटरचे भिंग १.४ इतक्या छिद्रमानाला उघडून दोन मीटरवरील चेहरा टिपल्यास, सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार ते पाच सेंटिमीटर खोल असतो. नटाने मान किंचित पुढे केली, तरी डोळे अस्पष्ट होतात. शिवाय मॉनिटरवर चूक दिसते ती घडून गेल्यावर. फिल्मचा खर्च उरला नसल्याने तालीम न करता थेट चित्रीकरण सुरू करण्याची प्रवृत्तीही वाढली आहे.

रंग किंवा उजेडातील दोष संपादनोत्तर प्रक्रियेत बऱ्याच अंशी सुधारता येतात. फोकस चुकलेली प्रतिमा मात्र समाधानकारकरीत्या दुरुस्त होत नाही. नटाचा उत्तम अभिनय केवळ या कारणाने वाया जाऊ शकतो. म्हणूनच या व्यवसायात पूर्वतयारीला विशेष महत्त्व आहे.

चित्रीकरणापूर्वीची तयारी

साहित्य भाड्याने देणाऱ्या संस्थेत जाऊन प्रथम साहाय्यक सर्व साहित्य स्वतः जोडून तपासतो. त्याआधी तो पटकथा वाचतो आणि छायालेखकाशी चर्चा करून यादी तयार करतो. रात्रीची दृश्ये, गाडीतील दृश्ये, खांद्यावरील कॅमेरा यांनुसार भिंगे, बॅटऱ्या व जोडसाहित्य बदलते.

भिंगांची तपासणी हा या तयारीचा गाभा होय. पी.एल. माउंटमध्ये भिंगाची बैठक व सेन्सर यांमधील अंतर ५२ मिलिमीटर असते. त्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पडला, तरी विशेषतः रुंद कोनाच्या भिंगांवरील अंतराचे आकडे खोटे ठरतात. यासाठी कॅमेरा कामाच्या तापमानाला आल्यावर ठरावीक अंतरावर तक्ता ठेवून प्रत्येक भिंग पडताळले जाते. झूम भिंगाचा फोकस लांब टोकाला जुळवून तो रुंद टोकापर्यंत टिकतो का, हेही पाहिले जाते. भिंगावर झाकण लावून केलेल्या काळ्या चित्रीकरणातून सेन्सरवरील दोषपूर्ण बिंदू ओळखता येतात. बिनतारी फोकस यंत्रणेत प्रत्येक भिंगाची मोजणी आधीच नोंदवून ठेवली जाते.

कॅमेऱ्यातील मांडणीही याच वेळी निश्चित होते: रेकॉर्डिंगचा प्रकार, रिझोल्यूशन, टाइमकोड, फ्रेमचा वेग व शटरचा कोन. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चित्रीकरण करताना शटर १७२.८ अंशांवर ठेवतात; त्यामुळे सेकंदाचा पन्नासावा भाग इतका प्रकाशनकाळ मिळून दिव्यांची लुकलुक टळते. शेवटी चाचणी-चित्रण करून ते संकलन विभागात नीट उघडते का, याची खात्री केली जाते.

चित्रीकरणस्थळी

अंतर मोजताना टेपचे टोक कॅमेऱ्यावरील सेन्सर-पातळीच्या खुणेला लावतात. ही खूण म्हणजे आडव्या रेषेने छेदलेले वर्तुळ. मोजपट्टी, लेसर व मॉनिटर हाताशी असले, तरी नजरेने अंतर ओळखण्याचा सराव आवश्यक मानला जातो. घरातील वस्तूंचे अंतर आधी अंदाजाने सांगून मग मोजणे, ही त्याची सोपी व जुनी रीत आहे. भरलेली व रिकामी मेमरी कार्डे वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांनी ओळखू येतील अशी ठेवतात. चित्रित साहित्याच्या किमान दोन प्रती झाल्याचे कळल्याशिवाय कार्ड पुन्हा कोरे करत नाहीत. मुंबई किंवा कोकणात पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या भिंगावर बाष्प जमते. त्यामुळे पेटी काही काळ बंदच ठेवून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ देतात.

प्रशिक्षण

पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत (स्थापना १९६०) छायालेखनाचा अभ्यासक्रम आहे. तथापि फोकस पुलरचे कौशल्य मुख्यतः अनुभवी साहाय्यकाच्या हाताखाली काम करूनच आत्मसात होते. भारतात भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत कॅमेरा अटेंडंट पाठवण्याची पद्धत आहे. प्रेक्षकांना ज्याचे काम जाणवत नाही, तोच उत्तम फोकस पुलर, असे या क्षेत्रात मानले जाते.