घराखालचे दोन फूट

सिएटलच्या उपनगरांत आता मराठी घरं पुष्कळ आहेत, पण घर घेताना जमिनीखाली डोकावणारे थोडेच. आपल्याकडे दगडी जोत्यात मुरूम भरून तो धुमसतात, त्यामुळे फरशीखाली पोकळी उरत नाही. इथे काँक्रीटच्या बुटक्या भिंतींवर लाकडी तुळया टाकतात, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर गालिचा. खाली उरते दीड-दोन फूट उंचीची अंधारी जागा. तिला क्रॉल स्पेस म्हणतात, आणि तिच्यात खरोखरच रांगावं लागतं.

आमच्याकडे उंदीर शिरल्याचं वासावरून कळलं. हिवाळ्यात घर तापवलं की गरम हवा वरच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी खालची हवा वर ओढली जाते. क्रॉल स्पेसमध्ये जे असेल त्यातलं थोडं घरातल्यांच्या श्वासात येतंच. म्हणून खालची सफाई करून उष्णतारोधक थर बदलण्याचं काम मला नुसतं वीजबिलाचं वाटत नाही. कामगारांबरोबर मीही खाली उतरले.

अंगभर पांढरा पोशाख, दोन्ही गालांशी गुलाबी फिल्टर असलेला मास्क, कपाळावर दिवा. कोपरांवर सरकत पुढे जायचं. तुळयांमध्ये बसवलेले फायबरग्लासचे थर सुटून लोंबत होते. उंदीर फायबरग्लास खात नाही, त्यात बोगदे करून पिल्लं घालतो. मुताने जड झालेला एकेक तुकडा माणसं हळूच खाली ओढत, तिथल्या तिथे पिशवीत बांधत आणि कपाटाच्या तळातल्या झाकणातून वर देत. कोरडं झाडायचं नाही, हा इथला पहिला नियम. १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात हंताव्हायरसची साथ उघडकीस आली. डिअर माउस या छोट्या उंदराच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात गेल्याने तो विषाणू माणसाला गाठतो. आमचे उंदीर मोठे, तपकिरी जातीचे होते, तरी नियम तोच. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. लेंड्या पूर्ण भिजवायच्या, पाच मिनिटं थांबायचं, मग पुसून घ्यायचं.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. कामाच्या प्रमुखाने सगळ्यांना दिवे विझवायला लावले. बाहेर ऊन होतं. डोळे अंधाराला सरावले तसे भिंतीत दोन ठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले: एक हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या फाटक्या जाळीत, दुसरा एसीच्या नळ्या जिथून बाहेर जातात तिथे. उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, छोट्या माउसला पाव इंचाची. पण प्रमुखाचं समाधान होईना. उंदीर रोज त्याच वाटेने, कडेला अंग घासत जातो, आणि त्याच्या अंगाचं तेल व मळ लागून काळपट पट्टा उमटतो. तसा एक पट्टा उजेडाच्या उलट दिशेला, पार कोपऱ्यातल्या मातीकडे गेला होता. कामगारांनी सांडपाण्याच्या पाइपात पंख्याने धूर सोडला. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या काळ्या प्लास्टिकखालून धूर वर आला. कधीकाळी तिथलं न्हाणीघर हलवलं होतं आणि जुन्या पाइपाचं तोंड कुणी बंदच केलं नव्हतं. तपकिरी उंदीर गटारातून सहज पोहत येतो. ते तोंड उघडं राहिलं असतं तर बाकीच्या सगळ्या खर्चाचा उपयोग झाला नसता.

पाइपाला पक्कं झाकण बसलं. झरोक्यांना पाव इंच छिद्रांची जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी जाळी, स्क्रूने आवळून. नळ्यांभोवती तांब्याची जाळी ठासून वर सिमेंट. नुसता फोम भरून देणाऱ्यांना मी कामच देणार नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि तो फोम सहज कुरतडतो. विष ठेवायला प्रमुखाने नकार दिला, तो मला मनापासून पटला. विष खाल्लेला उंदीर भिंतीत मरून कुजतो, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ते विष जातं. चापाचे सापळेच लावले, पण सुरुवातीला न ताणता, नुसतं पीनट बटर ठेवून. तपकिरी उंदीर नव्या वस्तूपासून लांब राहतो. त्याची भीड चेपली की मग सापळा ताणायचा.

सापळे बरेच दिवस रिकामे राहिल्यावरच नवा माल आत आला. मातीवर सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं काळं पॉलिथिन, भिंतींपर्यंत पोचेल असं, जोडांवर फूटभर चढवलेलं, म्हणजे मातीची ओल लाकडाला लागत नाही. तुळयांमध्ये आर-३० (आर हे उष्णता अडवण्याचं माप) फायबरग्लास, सुमारे साडेनऊ इंच जाड, कागदी बाजू वर, घराच्या उबेकडे. थर वरच्या फळ्यांना चिकटून बसला पाहिजे. मध्ये फट राहिली तर थंड हवा तिथून फिरते आणि कोंबून दाबला तर त्याची ताकद घटते. खालून तो तारेच्या काड्यांनी पेलतात. पाण्याच्या नळांनाही वेगळं आवरण लागतं, कारण घराची ऊब अडली की ही जागा आणखी गार होते आणि कडाक्याच्या थंडीत नळ गोठू शकतात.

हे काम करून घेणाऱ्यांनी एक मात्र करावं. फायबरग्लासमागे काय झाकलं गेलं ते नंतर दिसत नाही. तेव्हा बुजवलेल्या प्रत्येक भोकाचा आधीचा आणि नंतरचा फोटो मागून घ्यावा, आणि तो हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.