दूरस्थ प्रत आणि तिची किल्ली

दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय संगणक केंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या दस्तऐवजांचे ८५८ टेराबाइटचे भांडार नष्ट झाले. आकारमान प्रचंड म्हणून त्याची प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती!

प्रत दूरच्या गावी हवी, हे उघड आहे. परंतु ती बाहेर गेली की परक्या हाती पडण्याचे भयही आलेच. म्हणून पाठविण्यापूर्वीच तिचे सांकेतिक रूपांतर करतात. आज रूढ असलेल्या एईएस पद्धतीत त्यासाठी २५६ बिटांपर्यंतची किल्ली वापरली जाते. ती हरवली तर मजकूर उलगडण्याचा व्यवहार्य मार्ग कोणापाशीही नाही.

खरी अडचण येथेच आहे. किल्ली मूळ यंत्रावरच राहिली तर आगीत तीही जाते. प्रतीसोबत ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली लटकविणे. तिची जागा तिसरीच असावी. शिवाय ती एकाच अधिकाऱ्यापाशी असेल तर त्याच्या बदलीची वा निवृत्तीची धास्ती असतेच. यावर आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये सुंदर तोडगा सुचविला. किल्लीचे, समजा, पाच अंश करून पाच जणांना द्यावेत. कोणतेही तीन अंश जुळले की किल्ली सिद्ध होते, दोघांना मात्र काहीच उमगत नाही.

किल्ली वेळोवेळी बदलतात. तथापि जुन्या प्रती जोवर राखावयाच्या, तोवर त्यांची जुनी किल्लीही जपावी लागते. वर्षातून एकदा तरी दूरची प्रत कोऱ्या यंत्रावर आणून, त्या तिसऱ्या ठिकाणच्या किल्लीने उघडून पाहावी.