चुंबकाचे तुकडे करीत गेलो तर...

चुंबकपट्टीचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव असतात, हे आपण वर्गात शिकवतो. असे तुकडे किती लहान करता येतील, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे.

लोखंडाचा ४ नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या अडीच लाखाव्या भागाएवढा कण घेऊ. त्यातील अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेला असते, पण ती दिशा टिकत नाही. दिशा उलटवण्यास लागणारी ऊर्जा कणाच्या घनफळाबरोबर कमी होते. इतक्या लहान कणात ती खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेपेक्षाही कमी भरते, त्यामुळे ध्रुव सतत उलटसुलट होत राहतात. याला अतिसमचुंबकत्व म्हणतात. संगणकाच्या हार्ड डिस्कवर माहिती चुंबकत्वाच्या दिशेने नोंदलेली असते. तिथे कण फार लहान केले, तर लिहिलेले आपोआप पुसले जाईल.

लोह व प्लॅटिनमचा मिश्रधातू ही अडचण दूर करू शकतो. २००० साली आयबीएमच्या शौहेंग सुन व सहकाऱ्यांनी त्याचे कण रासायनिक पद्धतीने बनवले. तापवलेल्या विद्रावकात प्लॅटिनमच्या संयुगाचे क्षपण आणि आयर्न पेंटाकार्बोनिलचे अपघटन एकत्र घडवले. सुटे झालेले अणू जमून कण वाढू लागतात. ओलेइक आम्ल व ओलेइल अमाइन यांचे रेणू कणांच्या पृष्ठभागाला धरून बसतात, कणांची वाढ आवरतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यामुळे कण जवळजवळ एकसारखे होतात.

तरीही हे ताजे कण दुबळेच असतात. मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोलीची गोदामे अनेकांनी पाहिली असतील. तोच माल ढिगाने टाकता येतो किंवा थरांनी रचता येतो. ताज्या कणात लोह व प्लॅटिनमचे अणू ढिगासारखे मिसळलेले असतात. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर लोहाचा एक थर, प्लॅटिनमचा एक थर अशी रचना होते. मग ४ नॅनोमीटरच्या कणातही दिशा उलटवण्यास औष्णिक ऊर्जेच्या सुमारे पन्नासपट ऊर्जा लागते, आणि दिशा टिकते.

मात्र या उष्णतेत सेंद्रिय आवरण नष्ट होते व कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून तापवण्यापूर्वी त्यांवर सिलिकाचे कवच चढवण्याचा मार्ग काढण्यात आला. २०२४ पासून बाजारात आलेल्या काही मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्कमध्ये हाच मिश्रधातू आहे, पण तो द्रावणातून न बनवता निर्वातात थर चढवून बसवलेला असतो.

घटक तेच, प्रमाणही तेच. फक्त अणूंची मांडणी बदलली की चुंबक बदलतो. हिरा आणि ग्राफाइट शिकवताना हे तिसरे उदाहरणही अवश्य द्यावे.